समुद्र वाजवायचा कसा?

घरातल्या शाळकरी मुलाचा नकाशासंग्रह मागून घ्या आणि इंग्लंडचे पान उघडा. खालच्या कडेला, इंग्लिश खाडीच्या काठी, ब्रायटन आणि ईस्टबोर्न अशी दोन गावे सापडतील. दोहोंत अंतर फार नाही. आपल्या चर्चगेट ते बोरिवलीएवढेच म्हणा ना! मध्ये न्यूहेवन नावाचे बंदर आहे आणि तिथे ऊझ नावाची एक लहानशी नदी समुद्राला मिळते.

या टीचभर किनाऱ्यावर काय काय घडून गेले पाहा. १९०५ च्या उन्हाळ्यात ईस्टबोर्नच्या एका मोठ्या हॉटेलात बसून क्लोद दबुसी या फ्रेंच संगीतकाराने आपल्या ‘ला मेर’ची, म्हणजे ‘समुद्र’ या रचनेची, मुद्रिते तपासली. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर मायभूमीच्या ओढीने कासावीस झालेल्या सावरकरांना ‘सागरास’ ही कविता सुचली. १९११ साली पुन्हा ईस्टबोर्नलाच फ्रँक ब्रिज या इंग्रज संगीतकाराने आपली ‘द सी’ ही रचना पुरी केली. आणि १९४१ च्या मार्च महिन्यात न्यूहेवनच्या थोडे वर, त्याच ऊझ नदीत, व्हर्जिनिया वुल्फ या थोर लेखिकेने प्राण दिला. तिच्या ‘द वेव्ह्ज’ या कादंबरीतून पुढे एक बॅले उभा राहिला.

‘सागरास’चे गाणे आपल्या घराघरांत आहे. हृदयनाथांनी तिला चाल दिली आणि मंगेशकर भावंडांनी ती गायिली. त्या कवितेत समुद्र हा कोणीतरी आहे. त्याच्याशी बोलता येते, त्याला वचनाची आठवण देता येते, जाब विचारता येतो. आपली रीतच तशी. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ वाहतात तो पाण्याला नव्हे, दर्याला! पण शब्द काढून घेतले, नुसते स्वर उरले, किंवा स्वरही बाजूला ठेवून नुसते शरीर उरले, तर समुद्र सांगायचा कसा? वाजवायचा कसा आणि नाचायचा कसा?

मी गवई नाही आणि नर्तक तर नाहीच नाही. गिरगावच्या चाळीत रेडिओवर कान तयार झालेला मी एक साधा श्रोता. पण या प्रश्नाने मला बरीच वर्षे पछाडले आहे, आणि त्याची जी उत्तरे ऐकायला-पाहायला मिळाली ती सांगण्यासारखी आहेत.

दबुसीपासूनच सुरुवात करू. गंमत अशी की समुद्रावरची ही रचना त्याने लिहायला घेतली ती १९०३ साली, बर्गंडी प्रांतात, जिथून समुद्र शेकडो मैल दूर! त्याच्या वडिलांच्या मनात मुलाला खलाशी करायचे होते. तो झाला संगीतकार. पण समुद्राची ओढ राहिली. बर्गंडीच्या टेकड्यांना लाटा लागत नाहीत हे खरे, पण माझ्यापाशी आठवणींचा साठा आहे आणि समोरच्या समुद्रापेक्षा तोच कामाचा, अशा अर्थाचे त्याने एका मित्राला लिहिले आहे. हे मला एकदम पटले. सासुरवाशिणीला माहेर जसे दिसते तसे माहेरी राहणाऱ्या भावजयीला कुठे दिसते?

या दोन वर्षांत त्याच्या संसारात मोठे वादळ झाले. १९०४ साली त्याने पत्नीला सोडले आणि एका विवाहित स्त्रीबरोबर तो निघून गेला. पत्नीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. सुदैवाने ती वाचली. पॅरिसमध्ये छी:थू झाली, जवळच्या मित्रांनी पाठ फिरवली. १५ ऑक्टोबर १९०५ रोजी ‘ला मेर’ प्रथम वाजले तेव्हा लोकांच्या मनात स्वरांपेक्षा हा बोभाटाच अधिक असावा. त्यात वादकांची तयारी कच्ची. एका प्रख्यात समीक्षकाने तर साफ लिहिले की मला यात समुद्र ऐकूही येत नाही, दिसतही नाही आणि त्याचा वासही येत नाही. पंधरा दिवसांनी दबुसीला मुलगी झाली. पुढे १९०८ मध्ये दबुसीने स्वतः काठी हातात घेऊन तीच रचना पॅरिसला वाजवून घेतली, तेव्हा मात्र लोकांनी ती डोक्यावर घेतली.

त्या समीक्षकाला समुद्र का ऐकू आला नसेल? मला वाटते, तो लाटांचा आवाज शोधत बसला. समुद्र म्हटला की नगारे घुमवायचे, वारा घोंघावण्याचे यंत्र फिरवायचे, ही जुनी तऱ्हा. दबुसीने ते केलेच नाही. त्याने समुद्राचा आवाज घेतला नाही, चलन घेतले. एक लकेर उठते, ती पुरी होते न होते तोच तिच्या खालून दुसरी सरकते. ठेका आहे असे वाटते आणि पाय टेकायला जावे तर वाळू निसटावी तसा तो निसटतो. पहिल्या भागाचे नाव ‘पहाटेपासून दुपारपर्यंत समुद्रावर’. त्यात मध्येच त्याने सोळा चेलो मागितले आहेत आणि त्यांचे चार गट करून एकच भरदार लाट उठवली आहे. सोळा चेलो पुष्कळ वाद्यवृंदांपाशी नसतातच. मग जेवढे असतील तेवढ्यांवर भागवतात. एरिक साती हा त्याचा खट्याळ मित्र. त्याने म्हणे ऐकून सांगितले, मला सगळ्यात पावणेअकराच्या सुमाराचा भाग आवडला!

आता एक छोटी गोष्ट, पण मला ती महत्त्वाची वाटते. ‘ला मेर’चे पुस्तक छापले तेव्हा मुखपृष्ठावर होकुसाई या जपानी चित्रकाराची ती जगप्रसिद्ध लाट घातली. दिनदर्शिकेवर, चहाच्या पेल्यावर आपण सर्वांनी ती पाहिली आहे. मूळ चित्रात लाटेखाली तीन होड्या आहेत, त्यांत जीव मुठीत धरून वाकलेली माणसे आहेत आणि मागे फुजी पर्वत आहे. मुखपृष्ठावर लाट तेवढी ठेवली. होड्या गेल्या, माणसे गेली, पर्वतही गेला.

दबुसीचा समुद्र तसाच आहे. अतिशय देखणा, आणि त्यात कोणी नाही.

माझ्या आजीचे माहेर रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आजीच्या वाडीतली दोन माणसे त्यात गेली. त्यांच्यापैकी एकाने दिव्याच्या अवसेसाठी घरी येतो म्हणून निरोप धाडला होता. आजी पुढे आमच्याकडे गिरगावात राहायला आली. चौपाटी हाकेच्या अंतरावर. पण ती कधी हवा खायला म्हणून तिथे गेली नाही. पावसाळ्यात रात्री समुद्राची गाज वाढली की ती अंथरुणात उठून बसे आणि कूस बदलून झोपलेल्या आम्हा पोरांना हाताने चाचपून पाही. समुद्राला ‘सुंदर’ म्हणताना मी तिला कधी ऐकले नाही. दबुसीची रचना मला मनापासून आवडते. पण ती ऐकताना आजी आठवते आणि वाटते, तिला हे ऐकवले असते तर ती काय म्हणाली असती? बहुधा काहीच नाही. देवापुढचा दिवा सारखा करायला उठून गेली असती.

होड्या परत आणल्या त्या बेंजामिन ब्रिटनने.

१९२४ साली नॉरिच शहरात ब्रिजने आपली ‘द सी’ वाजवली, तेव्हा श्रोत्यांत दहा वर्षांचा ब्रिटन बसला होता. तो उडालाच! पुढे ब्रिजच त्याचा गुरू झाला. ब्रिटन जन्मला तो लोस्टॉफ्टला, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड असलेल्या घरात. वडील दातांचे डॉक्टर. तो समुद्र ब्रायटन-ईस्टबोर्नसारखा सहलीचा नाही. थंड, राखी रंगाचा आणि जमीन खाणारा. ऑल्डबरा या गावातले जुने सभागृह एके काळी वस्तीच्या मधोमध होते. आज ते अगदी किनाऱ्यावर उभे आहे. सभागृह जागचे हलले नाही; मधली आळी समुद्राने नेली.

१९४१ साली ब्रिटन अमेरिकेत होता. कॅलिफोर्नियात एका इंग्रजी साप्ताहिकात त्याला जॉर्ज क्रॅब या ऑल्डबराच्याच जुन्या कवीवर ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिलेला लेख दिसला. लेख वाचला आणि घर आठवले. महायुद्ध पेटलेले, अटलांटिकमध्ये पाणबुड्यांचा सुळसुळाट. तरी १९४२ साली तो मालवाहू बोटीने परत आला. त्या ओढीतून ‘पीटर ग्राइम्स’ ही संगीतिका झाली. ७ जून १९४५ रोजी, युरोपातले युद्ध संपून महिना होतो न होतो तोच, लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ती रंगभूमीवर आली.

कथा साधी आणि जीवघेणी. ग्राइम्स हा तिरसट, एकलकोंडा मच्छीमार. त्याच्या होडीवरचा उमेदवार पोरगा समुद्रात मरतो. चौकशीत तो निर्दोष ठरतो, पण गाव त्याला दोषी ठरवते. दुसरा पोरगा येतो. तोही कड्यावरून पडून जातो. गाव मशाली घेऊन निघते. शेवटी ग्राइम्सला त्याचा एक हितचिंतक सांगतो, होडी घेऊन खोल पाण्यात जा आणि तिला बुडव. दुसऱ्या दिवशी सकाळी दूर एक होडी बुडताना दिसल्याची बातमी येते. लोक म्हणतात, अफवा असेल. आणि आपापल्या कामाला लागतात.

या संगीतिकेत देखावा बदलताना पडदा पडतो. आपल्या नाटकांत अशा वेळी पडद्यामागची ठोकाठोक तेवढी ऐकू येते! ब्रिटनने या रिकाम्या वेळात समुद्र भरला. असे सहा तुकडे आहेत. त्यांपैकी पहाट, रविवारची सकाळ, चांदणे आणि वादळ हे चार आता जगभर स्वतंत्रपणे वाजवले जातात. ‘पहाट’ ऐका. वर अगदी टिपेला व्हायोलिन आणि बासरी, एखाद्या समुद्रपक्ष्याने थंड हवेत रेघ ओढावी तशी. मग क्लॅरिनेट, व्हायोला आणि हार्प यांची एक झुळूक, गोट्यांवरून लाट मागे सरताना होते तशी. आणि खालून हळूहळू फुगत येणारे पितळी वाद्यांचे खर्जातले सूर. तिथे मला गाज ऐकू आली. ‘चांदणे’ तर त्याहून विलक्षण. चांदण्या रात्रीचे आहे, पण त्यात विसावा नाही. कोणी झोपेत जड श्वास घेतो आहे आणि मधूनच पाण्यावर काहीतरी चमकते आहे.

२०१३ साली ब्रिटनची जन्मशताब्दी झाली तेव्हा ऑल्डबराच्या लोकांनी हीच संगीतिका खऱ्या समुद्रकिनाऱ्यावर केली. दमट हवेत नाजूक वाद्यांचे हाल नकोत म्हणून वाद्यवृंद आधी ध्वनिमुद्रित केला होता. गायक मात्र वाऱ्यात उभे राहून प्रत्यक्ष गायिले. मागे खरा उत्तर समुद्र. ब्रिटनने कागदावर उतरवलेला समुद्र आणि खरा समुद्र एकदम वाजू लागले तेव्हा कोणता कुठे संपत होता, हे तिथे बसून ऐकायला मिळायला हवे होते, अशी रुखरुख मला राहून गेली आहे.

आपल्याकडे शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथांनी बांधलेली आणि लताबाईंनी गायिलेली कोळीगीते आहेत. त्यांत वादळवारा आहे, घरधन्याची काळजी आहे, तारवे आहेत. म्हणजे होड्यांची आठवण आपल्याला आहे. ‘रामदास’वर मात्र ‘पीटर ग्राइम्स’च्या तोडीचे काही मोठे काम माझ्या ऐकण्यात आलेले नाही. कोणी तरुण संगीतकार हे वाचत असेल तर त्याने मनावर घ्यावे.

आणखी एक नाव घेऊन पुढे जातो. जॉन ल्यूथर ॲडम्स हा अमेरिकन संगीतकार अनेक वर्षे अलास्काच्या बर्फात राहिला. २०१३ साली सिॲटलच्या वाद्यवृंदाने त्याची ‘बिकम ओशन’ वाजवली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. बेचाळीस मिनिटे, मध्ये थांबणे नाही. तंतुवाद्ये, फुंकवाद्ये आणि पितळी वाद्ये असे तीन ताफे निरनिराळ्या वेगाने चढतात, उतरतात, आणि मोजक्या वेळी तिघांची भरती एकदम येते. अर्ध्यावर पोचल्यावर सगळी रचना उलट्या पावलांनी आली तशी परत जाते. ध्रुवावरचा बर्फ वितळतो आहे आणि समुद्र चढतो आहे, ही त्याची धास्ती. सात बेटे जोडून भराव घातलेल्या शहरात राहून ती ऐकताना जरा चुळबूळ होते खरी! पण खरे सांगू? विसाव्या मिनिटानंतर माझे लक्ष घड्याळाकडे जाते. टेलर स्विफ्ट या लोकप्रिय गायिकेला मात्र ती इतकी आवडली की तिने सिॲटलच्या वाद्यवृंदाला पन्नास हजार डॉलर्स देऊन टाकले. आवड ज्याची त्याची.

आता नाच. इथे अडचण वेगळीच आहे. आपले भरतनाट्यम पाहा. पताक हस्त किंचित हलवून नर्तकी लाट दाखवते आणि आपण मान डोलावतो. संकेत ठरलेला आहे, नर्तकी स्वतः जमिनीवर ठाम उभी आहे. बॅलेत असा संकेत नाही. तिथे साऱ्या शरीरालाच काहीतरी व्हावे लागते.

यिरी किलियान हा मूळचा प्रागचा. १९८१ साली श्टुटगार्टच्या बॅलेसाठी त्याने ‘फरगॉटन लँड’, म्हणजे ‘विसरलेली भूमी’, बसवला. संगीत ब्रिटनचेच, ‘सिन्फोनिया दा रेक्विएम’. हे संगीत मुळात जपानी सरकारने राज्यस्थापनेच्या सव्वीसशेव्या वर्धापनदिनासाठी मागवले होते. ब्रिटनने आईवडिलांच्या स्मरणार्थ ख्रिस्ती शोकसंगीत लिहून पाठवले आणि जपान्यांनी ते परत केले. उत्सवाला मर्तिकाचे गाणे कोण घेईल? किलियानला त्यात ब्रिटनचा तो जमीन खाणारा किनारा दिसला. त्याच किनाऱ्यावर डनिच नावाचे भरभराटीचे बंदर होते. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या वादळांनी ते गिळले. बुडालेल्या देवळांच्या घंटा अजून पाण्याखालून ऐकू येतात असे लोक सांगतात. द्वारकेच्या कथेवर वाढलेल्या आपल्याला हे काही परके नाही.

बॅले सुरू होतो तेव्हा संगीत नाही, नुसता वारा. नर्तक आपल्याकडे पाठ करून क्षितिजाकडे चालले आहेत. सहा जोड्या. मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराच्या एका चित्रात समुद्रकाठी माणसे जोडीने नाचतात, त्या चित्राचीही सावली यावर आहे. पाणी कुठेच दाखवलेले नाही. पायाखालचे काहीतरी जाते आहे आणि ते आपण अडवू शकत नाही, एवढे मात्र त्या पाठींवरून कळते.

वेन मॅकग्रेगर याने २०१५ साली लंडनच्या रॉयल बॅलेसाठी केलेल्या ‘वुल्फ वर्क्स’मध्ये पाणी सरळ दाखवले आहे. तीन कादंबऱ्यांवरचे हे तीन अंक. शेवटचा ‘द वेव्ह्ज’वर. त्याचे नाव ‘ट्यूजडे’, मंगळवार. कारण वुल्फबाईंनी पतीला लिहून ठेवलेल्या अखेरच्या पत्रावर तारीख नाही, वार तेवढा आहे. सुरुवातीला ते पत्र वाचलेले ऐकू येते. मागे भव्य पडद्यावर फुटणाऱ्या लाटा अतिशय संथ केलेल्या, इतक्या संथ की लाट आहे की डोंगर आहे असे वाटावे. समोर मॅक्स रिख्टरच्या संगीतावर नर्तकांचा समूह उठतो, ओसरतो, आणि त्यांच्यात एक प्रौढ स्त्री. ही ॲलेसांड्रा फेरी. २००७ साली निवृत्त झालेली ही इटालियन नर्तकी परत आली आणि ही भूमिका केली तेव्हा तिचे वय बावन्न होते. बॅलेत चाळिशी म्हणजे म्हातारपण! तरुण नर्तकी उसळतात. ती उसळत नाही. तिला उचलले जाते, ठेवले जाते, आणि आपले वजन ती हळूहळू दुसऱ्यांच्या हाती सोडत जाते. शेवटी ते हातही निघून जातात आणि मागची लाट आपल्या गतीने फुटतच राहते.

पण माझे मत विचाराल तर समुद्र सगळ्यात कोणाला सापडला असेल तर तो जॉन नॉयमायर यांना. हान्स अँडरसनच्या जन्माला दोनशे वर्षे झाली म्हणून २००५ साली कोपनहेगनला त्यांनी ‘लिटल मर्मेड’ हा बॅले केला. संगीत लेरा आउअरबाख या रशियात जन्मलेल्या संगीतकर्तीचे. त्यात थेरेमिन नावाचे चमत्कारिक वाद्य आहे. त्याला हात लावायचाच नसतो. दोन दांड्या असतात, त्यांच्या आसपास हवेत हात हलवले की स्वर वर-खाली होतो. पडदा नाही, तार नाही, धरायला काही नाही. नुसती मींडच मींड. पाण्याखालच्या जगाला याहून नेमका आवाज कोणता मिळणार?

जलपरीला शेपटी कशी लावायची? साऱ्या नाटकवाल्यांची इथे त्रेधा उडते. नॉयमायर यांनी जपानी पद्धतीची लांबच लांब, घोळदार निळी रेशमी विजार घेतली. पावलांच्या पुढे कितीतरी हात फरफटणारी. काळ्या वेषातले तीन पुरुष तिला सतत अधांतरी धरतात आणि ती रेशमी टोके मागे पाण्यासारखी सळसळतात. तिचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून आपल्याला पाणी दिसते. मग ती राजपुत्रासाठी चेटकाकडे जाते. तो ती विजार ओरबाडून काढतो आणि खाली निघतात दोन उघडे, केविलवाणे पाय. अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीत तिला दर पावलाला सुरीवर चालल्यासारख्या वेदना होतात. ही गोष्ट आपण मुलांना झोपताना सांगतो! आणि ती वेदना नाचून दाखवणाऱ्या नर्तकीच्या पायांत असतात बॅलेचे टोकदार कडक जोडे, ज्यांत तिची स्वतःची बोटे खरोखरच सोललेली असतात. जमिनीवर ती वाकडीतिकडी, अवघडलेली. काही वेळ तर चाकांच्या खुर्चीत. भोवतालचे लोक सुंदर नाचताहेत आणि समुद्रात सर्वांहून डौलदार असलेली ही पोर लहानशा खोलीत भिंतींवर आपटते आहे. रंगमंचावर आता पाण्याचा थेंब नाही, पण समुद्र आठवून घशात आवंढा येतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संचाने केलेल्या या बॅलेचे चित्रण निघाले आहे. जलपरी झाली आहे युआन युआन टान ही मूळची शांघायची नर्तकी. गेल्या दिवाळीत आम्ही ते घरी सगळ्यांनी बसून पाहिले. कथक शिकणारी माझी भाची मध्ये एकदाही उठली नाही, फराळाची बशी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आईची निळी रेशमी साडी कपाटातून काढली, दोन्ही पायांना गुंडाळली आणि दोन चुलतभावांना तिन्ही-त्रिकाळ आपल्याला उचलायला लावले. तिसरा गडी कमी पडत होता म्हणून मला बोलावणे आले. दिवाणखान्यात दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसरीत साडीचा पदर दाराच्या कडीत अडकला.


साडी रफू करून आली आहे. भाऊबीजेला नवी घ्यावी लागणार ती मलाच.